साठ नंबरची फाइल

उद्यमनगरात रात्री वीज स्वस्त पडते,
म्हणून मगदूम फौंड्रीची भट्टी जेवणवेळेला पेटते
आणि मला फोन येतो तोही जेवतानाच.
"कॉम्प्युटर गेला, ताई. चार्ज कोण काढणार आता?"

चार्ज म्हणजे किती पिग, किती भंगार,
कार्बन किती, सिलिकॉन किती चिमूट.
हे सांगणारा प्रोग्राम कोष्टी नावाच्या एकानं
वीसेक वर्षांपूर्वी चहाच्या उधारीवर लिहिला.
कोष्टी आता नाहीत.
सीडी आहे, तिच्यावर स्केचपेननं:
फायनल. खाली दुसऱ्या रंगात: खरं फायनल.

जुनं विंडोज व्हायरसनं खाल्लं.
नव्याचं लायसन्स भूपालअण्णांना परवडत नाही असं नाही,
पटत नाही.
मी म्हटलं, लिनक्स टाकते, त्यावर वाईन.
अण्णा खुर्चीतून अर्धे उठले.
"बाई, आमच्यात कांदा चालत नाही."
"पिण्याची नव्हे अण्णा. नावच तसलं आहे."
"मग नाव बदला."
शॉर्टकटला मी नाव दिलं: सरबत.

सरबत उघडेना.
कर्सर क्षणभर फिरतो, मग काही नाही,
कुणी दारापर्यंत येऊन चपला न काढताच परत जावं तसं.
काळ्या पडद्यावरून चालवून बघितलं तर
ओळींवर ओळी: फिक्समी, फिक्समी, फिक्समी.
मागं भट्टीवाला इलाही मुल्लाणी, गळ्यात ओला टॉवेल.
"एवढं सगळं बिघडलंय?"
"ते नुसतं कुरकुरतंय. तुमचा पाण्याचा पंप
कुरकुरतो म्हणून भट्टी बंद करता का?
एरर म्हणेल तिथं थांबायचं."

आणि म्हणालंच ते.
एम एस व्ही बी व्ही एम साठ. सापडत नाही.

एक फाइल.
कोल्हापूरचा माणूस पाणी गृहीत धरतो
तशी कोष्टींनी ती गृहीत धरलेली.
ती आणून घातली,
तर म्हणे डी ड्राइव्ह कुठाय?
इथं डी नाही. खरं म्हणजे सीसुद्धा नाही.
सी म्हणजे लपवलेला एक फोल्डर,
त्याच्याशेजारी मी डी नावाची वाट काढली
जी भलतीकडेच जाते.

हे इलाहीला कसं सांगावं म्हणून वळले,
तर तोच म्हणाला, "कोअर की."
व्हॉल्व्हच्या पोटात जिथं पोकळी पाहिजे
तिथं आधी वाळूचा कोअर बसवायचा.
लोखंडाला वाटतं, इथं कोण तरी आहे.
ते वळसा घालून जातं.
गार झालं की वाळू ठोकून काढायची.

"जवळजवळ तसंच," मी म्हटलं.
"फक्त आमची वाळू काढता येत नाही."

साडेअकराला खिडकी उघडली.
करडी, चौकोनी कोपऱ्यांची,
आणि मराठी अक्षरं होती तिथं सगळीकडं प्रश्नचिन्हं.
आठ बटणं, आठांवर प्रश्न.
"तिसरं दाबा," इलाही म्हणाला, "ते पिगचं."
त्याला जागा पाठ होत्या.
आकडे आले. अण्णांनी वहीशी ताडून बघितले,
चष्मा पुसून परत एकदा.

तळाशी बारीक इंग्रजीत, म्हणून शाबूत राहिलेली एक ओळ:
अडचण आल्यास कोष्टी,
पुढं सहाच आकड्यांचा फोन नंबर.
कुणीच काही बोललं नाही.
माझं बोट मात्र नंबरावरून एकदा फिरलं.

मग प्रिंट दाबलं. सरबत गप्प.
त्याला मागचा तो रुंद पोर्ट हवा होता,
जो गेल्या वर्षीच भंगारात गेला,
कोण जाणे, याच भट्टीत.
"हे उद्या बघते," मी म्हटलं.

"उद्या लोखंड थांबतंय व्हय?"
इलाहीनं खिशातून खडू काढला
आणि पडद्यावरचे आकडे पत्र्याच्या दारावर उतरवले,
डावीकडं पिग, उजवीकडं भंगार,
आणि खाली, कायम लिहितो तसं,
शिलकन.